कडब्याचं दूध कसं होतं?

उन्हाळ्यात बीड, धाराशिव किंवा लातूरकडच्या गोठ्यात डोकावलं की दावणीत बहुधा कडबाच दिसतो. 2019च्या दुष्काळात चारा छावणीतल्या कितीतरी जनावरांनी ऊस आणि वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, महिने काढले. अशा दिवसांत एक तक्रार नेहमी कानावर येते: पोट भरतंय, पण जनावर अंग धरंना. मला ही तक्रार फार नेमकी वाटते. खाल्लेल्या चाऱ्यातून जनावराला दोन गोष्टी लागतात. एक, चालायला, उभं राहायला, अंग ऊबदार ठेवायला ऊर्जा. दुसरी, मांस, हाडं, दूध घडवायला माल. हे दोन हिशेब वेगळे आहेत हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

ऊर्जेचा हिशेब आधी लागला. 1782-83च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हॉझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. मग त्याच्या श्वासातून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो तेवढा निघेपर्यंत कोळसा जाळला आणि त्यानेही किती बर्फ वितळतो ते पाहिलं. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. म्हणजे श्वास हे ज्योत नसलेलं, संथ जळणच होतं.

मालाचा हिशेब लावला तो बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, आणि तोही एका दुभत्या गाईवर. 1839मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. गाईला दिवसाला साडेसात किलो वाळलं गवत, पंधरा किलो बटाटे, आणि प्यायला साठ किलो पाणी. सगळं तोलून. मग शेण, मूत्र, दूध, सगळं गोळा करून तेही तोललं. आत गेलं साडेब्याऐंशी किलो, बाहेर आलं सुमारे पंचेचाळीस. उरलेले सदतीस किलो कुठे गेले? श्वासातून आणि कातडीतून, बहुतेक वाफ होऊन, काही कार्बन डायऑक्साइड होऊन. गाय रोज एवढं हवेत सोडते, हे वाचल्यापासून मी गोठ्यातल्या पहाटेच्या वाफेकडे वेगळ्या नजरेने बघतो.

त्याला खरा प्रश्न होता नायट्रोजनचा. मांस आणि दूध नायट्रोजनवाचून होत नाही. तो जनावर हवेतून घेतं की काय, अशी तेव्हा शंका होती. बाहेर पडलेला नायट्रोजन चाऱ्यातल्या नायट्रोजनपेक्षा जास्त भरला नाही. म्हणजे गाय तो हवेतून घेत नव्हती. जो काही मिळतो तो वैरणीतूनच.

इथे कडब्याची अडचण उभी राहते. ज्वारीचा कडबा बहुतांशी तंतुमय. त्यातला सेल्युलोज ग्लुकोजचाच बनलेला, पण तो तोडणारं पाचकद्रव्य गाईच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोठीपोटातले, म्हणजे गाईच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले सूक्ष्मजीव करतात. तिथले एकपेशीय जीव 1843मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. सेल्युलोज खाणारे जिवाणू प्राणवायूविना वाढवून त्यांचा बारकाईने अभ्यास मात्र अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी 1940च्या दशकात सुरू केला. हे जिवाणू कडबा आंबवतात, त्यातून निघणारी आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गाईची बहुतेक ऊर्जा तिथून येते. पुढे हे जिवाणू स्वतःच वाहत पुढच्या पोटात जातात आणि पचतात. गाईच्या प्रथिनांचा मोठा वाटा म्हणजे तिनेच पोसलेले हे जीव.

पण जिवाणूंनाही नायट्रोजन लागतोच, आणि तो ज्यांत असतो ती प्रथिनं कडब्यात जेमतेम तीन-चार टक्के. ती कमी पडली की जिवाणू मंदावतात, कडबा कोठीपोटात रेंगाळतो. भूक लागत नाही, अंगही भरत नाही. वाढ्यांची गोष्ट आणखी वेगळी: त्यांतलं ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या गाईची हाडं झिजतात. कडब्यावरच्या जनावराला मूठभर सरकी पेंड केवळ चवीपुरती नसते, ती जिवाणूंना नायट्रोजन पुरवते. कुटीवर, म्हणजे बारीक तोडलेल्या कडब्यावर, युरियाची प्रक्रियाही त्याचसाठी: शंभर किलो कुटीला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ढीग एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवायचा. कोरडा युरिया थेट खाऊ घातला तर विषबाधा होते, हे विसरता कामा नये.

आमच्या घरी वडील संध्याकाळी दावणीपाशी बसले की एकदा तरी लाल कंधारी गाईच्या डाव्या भकाळीत, बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायचे. थोड्या वेळाने आतलं कोठीपोट हलायचं आणि मूठ वर ढकलली जायची. मिनिटाला एक-दोनदा असं झालं की ते उठायचे. मूठ हलली नाही, तर वैरण काढून घ्यायचे.