पाच तारे कोणी दिले आणि कधी?

मृगाचा पाऊस पडला की हिंगोली-परभणीकडच्या गावांत पेरणीची घाई सुरू होते. त्याच सुमारास बॅटरीवरच्या फवारणी पंपांची पार्सलंही यायला लागतात. माल घरपोच येतो आणि पैसे पार्सल हातात पडल्यावर द्यायचे असतात. तालुक्याला हेलपाटा मारायची गरज उरत नाही. मोबाईलवर पंप निवडताना बहुतेक जण तारे किती आहेत एवढंच बघतात. ४.२ असतील तर घ्यायचा, ३.४ असतील तर पुढचा बघायचा. हा आकडा नेमकं काय मोजतो, यावर अर्थशास्त्रज्ञ गेली पंचवीसेक वर्षं काम करत आहेत. त्यांना जे सापडलं ते पंप घेणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे चुकलेली खरेदी ऐन फवारणीच्या दिवसांत अंगावर येते.

अशा पंपाखालचे अभिप्राय एकदा सावकाश वाचून बघा. ‘लवकर मिळाला.’ ‘पॅकिंग छान.’ ‘दिसायला मजबूत आहे.’ ‘चार्ज करून बघितला, प्रेशर चांगलं आहे.’ यातले बहुतेक पार्सल फोडल्यापासून दोन-चार दिवसांत लिहिलेले असतात, कारण ॲप अभिप्राय मागतं तेच त्या दिवसांत. पंपाची खरी परीक्षा मात्र पुढे असते. सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला की एका दिवसात वीस-पंचवीस टाक्या मारायच्या असतात. नोझल किती टिकतं, पट्टा खांद्याला काचतो का, टाकीच्या झाकणातून औषध पाठीवर गळतं का, हे तेव्हा कळतं.

बॅटरीचं तर आणखी उशिरा कळतं. स्वस्त पंपांत सहसा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. हंगाम संपला की पंप गोठ्यात किंवा माळ्यावर जातो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात. ते चार्जिंगने पुरते विरघळत नाहीत आणि बॅटरीची क्षमता घटते. पुढच्या जूनमध्ये पंप दोन टाक्यांतच दम टाकतो. तोपर्यंत आपण पाच तारे देऊन वर्ष झालेलं असतं. ते बदलायला परत कोण जातं? म्हणजे त्या ४.२ मध्ये पार्सल वेळेवर आल्याचा आनंद बराच असतो, पंपाच्या आयुष्याबद्दल फार थोडं.

ही शंका पडताळून बघितली गेली आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी १,२७२ वस्तूंचे ॲमेझॉनवरचे तारे घेतले आणि एका ग्राहकसंस्थेच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांच्या गुणांशी ताडून बघितले. दोन्हींचा मेळ फारच कमी बसला. शिवाय थोड्याच लोकांनी तारे दिले असतील तर सरासरी डळमळीत असते, याकडे ग्राहक पुरेसं लक्ष देत नाहीत, असंही त्यांना दिसलं.

मुळात तारे लागतात कशाला? उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजाराचं उदाहरण घेऊ. देवणी बैलाचे दात बघून वय कळतं, फिरवून चाल कळते, पण जुंपल्यावर तो मध्येच बसतो का, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली की घेणारा भाव पाडून मागतो. मग चांगला बैल असलेला माणूस त्या भावात तो विकत नाही, आणि बाजारात खोडीचेच बैल उरतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बैलबाजार तरीही टिकतो, कारण विकणाऱ्याचं गाव माहीत असतं, मधला दलाल ओळखीचा असतो, आणि फसवलं तर पुढच्या बाजारात गाठ पडते. इंटरनेटवर ही गाठ पडत नाही. तिची जागा भरण्यासाठी ईबे या अमेरिकी संकेतस्थळाने १९९६ मध्ये विकणारा आणि घेणारा यांनी एकमेकांना शेरा देण्याची सोय केली.

ती सोय कामाची ठरली. पॉल रेझनिक हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुन्याजाणत्या विक्रेत्याला हाताशी धरून जुन्या पोस्टकार्डांची विक्री केली. सारखाच माल त्याच्या नावलौकिकाच्या खात्यावरूनही विकला आणि नव्याकोऱ्या खात्यांवरूनही. जुन्या खात्यावर लोक सरासरी ८.१ टक्के जास्त पैसे मोजायला तयार होते. अनोळखी माणसाच्या नावाला किंमत मिळाली, ही साधी गोष्ट नाही.

पण त्याच रेझनिक यांना ईबेच्या १९९९ च्या नोंदींत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. घेणाऱ्यांनी दिलेले ९९ टक्क्यांहून जास्त शेरे चांगले होते. इतका सचोटीचा बाजार जगात कुठे आहे? उत्तराचा एक भाग भीतीत होता. मी तुला वाईट शेरा दिला तर तूही मला देशील, म्हणून कुरकुर असलेला माणूस गप्प बसायचा. दुसरा भाग भिडेचा. डेलारोकास आणि वूड या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये दुर्मीळ नाण्यांच्या लिलावांचा अभ्यास करून या गप्प बसलेल्यांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने प्रत्यक्षात सुमारे ७९ टक्केच ग्राहक समाधानी होते.

त्याच वर्षी ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. विक्रेते नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पैठणची एखादी बाई फोनवर ऑर्डर घेऊन साडी पाठवते आणि समोरचा पार्सल नाकारतो, तेव्हा जाण्या-येण्याचा खर्च तिच्याच माथी बसतो. फसवणारा ग्राहकही असतोच. प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने २०१४ मध्ये दुसरी वाट काढली: दोघांचे शेरे झाकून ठेवायचे आणि दोघांचे आल्यावर किंवा मुदत संपल्यावरच एकदम उघडायचे. उलट शेऱ्याची भीती त्याने बरीच कमी होते.

गप्प बसणाऱ्यांबद्दल नॉस्को आणि तडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी सुचवलेली युक्ती मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. चांगल्या शेऱ्यांना आलेल्या शेऱ्यांनी भागू नका, एकूण झालेल्या व्यवहारांनी भागा. ज्या विक्रेत्याचे ग्राहक जास्त गप्प, त्याचा आकडा आपोआप खाली येतो. ईबेवर त्यांनी हे ताडून बघितलं, तर ग्राहकाचा पुढचा अनुभव कसा असेल याचा अंदाज या आकड्यावरून जास्त चांगला येत होता.

आता विकतच्या ताऱ्यांचं बघू. पार्सलमध्ये छोटं कार्ड निघतं: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, कॅशबॅक मिळवा. अमेरिकेत हाच धंदा फेसबुकच्या गटांतून चालत होता. शेरी हे, हॉलनबेक आणि प्रोसेर्पिओ या संशोधकांनी तो बराच काळ न्याहाळला. ग्राहक वस्तू खरोखर विकत घ्यायचा, पाच तारे द्यायचा, मग विक्रेता त्याला पैसे परत करायचा. त्यामुळे ‘खात्रीशीर खरेदीदार’ हा शिक्का तिथे खराच असायचा, आणि म्हणूनच नुसत्या शिक्क्यावर विसंबता येत नाही. ही खरेदी थांबली की सरासरी घसरायची आणि एका ताऱ्याच्या अभिप्रायांचं प्रमाण वाढायचं. अभिप्राय तारखेच्या क्रमाने लावून अलीकडचे वाचले, तर ही घसरण आपल्यालाही दिसते. पंपाच्या पानावर मोबाईल कव्हरचे अभिप्राय दिसले तर जुन्या पानावर नवा माल चिकटवलाय असं समजावं आणि ते पान सोडून द्यावं.

सुरुवातीचे खोटे तारे एवढे मोलाचे का असतात, याचंही उत्तर आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग आला. एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी मुद्दाम पहिलं अनुकूल मत दिलं. तेवढ्याने त्यांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्के वाढले. मुद्दाम दिलेलं प्रतिकूल मत मात्र लोकांनी भरून काढलं. खोट्या निंदेला समूह सावरून घेतो, खोट्या स्तुतीमागे तो वाहत जातो.

थोड्या मतांवरच्या सरासरीसाठी एक हिशेब उपयोगी आहे. आलेल्या मतांत आपल्या पदरचं एक चांगलं आणि एक वाईट मत मिसळायचं, मग टक्केवारी काढायची. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८व्या शतकात मांडलेल्या सूत्राचा हा वापर. एका पंपाला पाचच मतं आहेत आणि पाचही चांगली: ७ पैकी ६, म्हणजे ८६ टक्के. दुसऱ्याला ५०० मतं, त्यातली ४६० चांगली: ५०२ पैकी ४६१, म्हणजे ९२ टक्के. शंभर टक्केवाला मागे पडला. अर्थात मतंच विकतची असतील तर हा हिशेब काही करू शकत नाही.

आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिणं मना आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात. पाच ताऱ्यांच्या बदल्यात कॅशबॅक देणारं ते कार्ड पार्सलात निघालं तर त्याचा फोटो काढून ठेवावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

नियमांइतकीच एक साधी सोय मला महत्त्वाची वाटते. पंप, मोटर, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या असल्या मालाचा अभिप्राय चौथ्या दिवशी मागून काही हाती लागत नाही. तो फवारणी आटोपल्यावर ऑक्टोबरमध्ये मागावा, आणि पुढच्या जूनमध्ये, माळ्यावरचा पंप खाली काढला की पुन्हा एकदा. खरेदीची तारीख कंपनीकडे असते, ग्राहकाचा नंबरही असतो. दोन्ही वेळचे तारे वेगवेगळे दाखवावेत, आणि किती जणांनी उत्तरच दिलं नाही तो आकडाही शेजारी छापावा.