अ‍ॅटलास की एडवर्ड्सचा अ‍ॅटलास? आधी पोट बघा

पावसाळ्यात कोकणातून नाहीतर घाटमाथ्यावरून हमखास एक फोटो येतो. भिंतीवर ताटलीएवढा पतंग बसलेला आणि पंखाच्या टोकाला सापाचं तोंड. नाव शोधायला गेलं की एकसारखी दिसणारी दोन चित्रं समोर येतात : अ‍ॅटलास आणि एडवर्ड्सचा अ‍ॅटलास.

सापाच्या तोंडावरून निवाडा करू नका, तशी टोकं दोघांनाही असतात. चारही पंखांवर खवले नसलेल्या तिकोनी, काचेसारख्या खिडक्या असतात, त्याही दोघांना. आकारावरूनही कळत नाही. अ‍ॅटलासचे पंख २४-२५ सेंटिमीटरपर्यंत पसरतात, पण एडवर्ड्सही काही लहान नाही.

खरी खूण पोटावर आहे. एडवर्ड्सचं पोट पांढरं, लोकर लावल्यासारखं. गडद चॉकलेटी पंखांच्या मधोमध ते लांबूनही उठून दिसतं. अ‍ॅटलासचं पोट पंखांच्याच जातीचं, तांबूस तपकिरी. पंखांचा रंगही त्याचा उजळ, विटकरीकडे झुकणारा. मात्र रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नये. चार-पाच रात्री उडालेल्या पतंगाचे खवले झडतात, कडा फाटतात आणि मूळची छटा फिकी पडते. प्रौढ पतंगाचं तोंड कामाचं नसतं. तो काही खात नाही, सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जेमतेम तगतो. त्यामुळे झिजलेले पतंगच जास्त दिसतात. ‘दुर्मिळ पतंग सापडला’ अशा बातम्या येतात, त्याचं एक कारण हेच अल्प आयुष्य. शिवाय तो रात्रीचा जीव. दालचिनीच्या किंवा पेरूच्या पानांवर वाढणारे त्याचे सुरवंट मात्र कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

दुसरी खूण ठिकाणाची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. एडवर्ड्स हा डोंगरी जंगलाचा रहिवासी. हिमालयाच्या पूर्व भागात, म्हणजे दार्जिलिंग, सिक्कीम, भूतान, अरुणाचल इथे तो आढळतो आणि पुढे म्यानमारपासून व्हिएतनामपर्यंत. विज्ञानात त्याची नोंद १८५९ मध्ये झाली. अ‍ॅटलासचं नाव त्याच्या शंभर वर्षं आधीचं, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं. अ‍ॅटलासचा पसारा भारतापासून इंडोनेशियापर्यंत आहे आणि त्याला सखल, उष्ण जंगलंही चालतात. ईशान्य भारतात दोघेही आहेत, साधारणपणे पायथ्याला अ‍ॅटलास आणि वर चढलं की एडवर्ड्स. खरी कसोटी तिथल्या फोटोंची. तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून ठेवलीत तर ओळख पटवणाऱ्याचं अर्धं काम होतं.

सह्याद्रीत एडवर्ड्स नाही. आंबोलीच्या फोटोखाली ते नाव दिसलं तर बिनदिक्कत खोडा. आपल्याकडचा पेच वेगळा आहे : दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत अ‍ॅटलासचा आणखी एक भाऊबंद राहतो, टॅप्रोबॅनिस. तो दिसायला अ‍ॅटलासच्या इतका जवळचा आहे की तिथे पांढऱ्या पोटाची युक्ती चालत नाही.