'माजी सैनिक' कोण? एका व्याख्येची पार्श्वभूमी
बेळगावात 1922 पासून मराठा पलटणीचे प्रशिक्षण केंद्र आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो असतो. 1956 मध्ये हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. पेन्शन केंद्राची असल्याने तिला धक्का लागला नाही, पण राज्याने द्यायच्या सवलती रहिवासावर ठरतात. म्हणून महाराष्ट्रातल्या चंदगडचा जवान आणि बेळगाव तालुक्यातला जवान एकाच कंपनीत शेजारी झोपले, तरी निवृत्तीनंतर दोघांचे अर्ज दोन वेगळ्या राज्यांत जातात. इकडचा अर्ज कन्नडमध्ये असला, की मराठी शाळेत शिकलेला म्हातारा तो भरून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारतो.

खरा गुंता मात्र त्याच्याही आधीचा आहे. सवलत कोणतीही असो, अर्जदार 'माजी सैनिक' आहे का, हे पहिल्यांदा पाहिले जाते, आणि त्याचे उत्तर डिस्चार्जच्या, म्हणजे सैन्यातून सुटल्याच्या, तारखेवर ठरते. 1 जुलै 1979 ते 30 जून 1987 या काळात स्वतःच्या विनंतीवरून सुटलेल्याला पाच वर्षे नोकरी पुरत होती. 1 जुलै 1987 पासून नियम बदलला. विनंतीवरून सुटलेला माणूस पेन्शन मिळवूनच सुटलेला हवा, आणि जवानाची पेन्शन पंधरा वर्षांनी लागते. म्हणजे 1986 मध्ये सहा वर्षांनी परतलेला माजी सैनिक ठरतो, तर 1988 मध्ये बारा वर्षांनी परतलेला ठरत नाही.

या 'विनंती' शब्दाने फार नुकसान केले आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकांचे डिस्चार्ज बुक मी पाहिले आहे. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, वर्तणुकीपुढे चांगला शेरा आणि सुटण्याच्या कारणापुढे एकच ओळ : 'ॲट हिज ओन रिक्वेस्ट'. वडील वारले, घरी आई आणि दोन लहान भावंडे, शेत पडीक, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. कागदावर त्याची 'विनंती' झाली. हौसेने नोकरी सोडणारा आणि घर कोसळले म्हणून परतणारा, दोघांना एकाच शब्दात बसवणे हा अन्याय आहे, असे मला स्पष्ट वाटते.

त्यानंतर पात्रता वाढली, पण तुकड्या-तुकड्यांनी. प्रशिक्षण चालू असतानाच वैद्यकीय कारणाने बोर्ड आऊट होऊन अपंगत्व पेन्शन मिळालेले रिक्रूट 1 फेब्रुवारी 2006 पासून व्याख्येत आले. 2003 मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत 2019 मध्ये दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणि शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक मुदतीसाठी नेमलेले) अधिकारी घेतले गेले. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्राच्या निधीतून महिना 4,000 रुपये मिळत, ते नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झाले. वाढ चांगलीच आहे, तरी इथेही आधी 'माजी सैनिक' ठरावे लागतेच. काका नव्या नियमाच्या काळात, पेन्शन लागण्याआधीच सुटले, म्हणून त्यांना हा दरवाजाही बंद.

2022 च्या अग्निवीर भरतीने हा प्रश्न पुन्हा वर आणला आहे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, पण पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यांनी तर सुटण्यासाठी विनंतीही केलेली नसते, मुदतच तेवढी असते. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस दाखल झाली, त्यामुळे 2026 संपता-संपता ही मुले गावी परतू लागतील. त्यांच्या हातातल्या कागदावर राज्याने घरपट्टीची, जमिनीची किंवा नोकरीतल्या राखीव जागेची सवलत द्यायची का, हे सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे ठरू शकते, कारण दर्जा केंद्र ठरवत असले तरी आपल्या तिजोरीतून कोणाला काय द्यायचे ते राज्याच्या हातात आहे.