नुसत्या बेरजेने शंभर का होत नाहीत?

परभणीच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, आणलेल्या सोयाबीन-विक्रीच्या पट्टीची (पावतीची) कोरी बाजू भाच्याने आकड्यांनी भरून टाकली होती. व्हॉट्सॲपवर कोडं आलं होतं: 1 ते 9 अंक ओळीने लिहा, मधे हवं तिथे अधिक-वजा घाला, 100 करून दाखवा. शेजारचे अंक जोडून 23 किंवा 78 केलेलंही चालतं. खाली नेहमीची पुस्ती, 'फक्त अतिहुशारांनाच जमेल'. पोरगं तासभर नुसती बेरीज करत होतं. 99 येई, 108 येई, 100 काही येईना. "मामा, मला गणितच येत नाही," म्हणाला.

असल्या पुस्त्यांचा मला राग येतो. नुसत्या बेरजेने इथे 100 कुणालाच जमणार नाहीत.

67 रुपये घ्या: दहाच्या सहा नोटा आणि वर सात. प्रत्येक नोटेतून नऊ काढले की एक रुपया उरतो. सहा नोटांचे सहा आणि वरचे सात. म्हणजे 67 आणि 6+7 यांच्यात फरक पडतो तो नऊच्या पटीतच. शंभराच्या नोटेतून 99 काढले तरी एकच उरतो. मग अंक कसेही जोडा, नऊने भागल्यावरची बाकी हलत नाही. 1 ते 9 ची बेरीज 45, म्हणजे नवा पाचे. त्यामुळे उत्तर कायम नऊच्या पाढ्यात, आणि 100 त्या पाढ्यात नाही.

वजाबाकी आली की कोंडी फुटते. मिळवायची संख्या वजा केली, की उत्तर तिच्या दुपटीने उतरतं. 100 ला नऊने भागलं की बाकी 1; नऊच्या पटीतून वजा करून ती उरायची, तर दुपटीची बाकी 8 हवी, म्हणून वजा झालेल्या अंकांच्या बेरजेची बाकी 4 हवी: 4, 13, 22 अशी. आता 123−45−67+89 पाहा. 4+5+6+7 म्हणजे 22!

आठ फटी, प्रत्येकीत अधिक, वजा किंवा काहीच नाही. एकूण 6561 मांडण्या. त्यांतल्या फक्त 11 मांडण्यांचं उत्तर 100 येतं, आणि अकराही हा नियम पाळतात.

गाडीच्या नंबराची बेरीज 9 यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: नऊला हा मान आहे तो आपण दहादहाचे गठ्ठे करून मोजतो म्हणून. आठाआठाचे केले असते तर तो सातला मिळाला असता. नशिबाचा इथे काही संबंध नाही.

भाच्याने फक्त 4 वजा करून पाहिला: 1+2+3−4+5+6+78+9. जमलं! लगेच म्हणाला, "मामा, 9 पासून उलटं लिहिलं तर?" अंक तेच, म्हणून नियमही तोच. पट्टीवर जागा उरली नव्हती, त्याने तळहातावर लिहिलं: 98−76+54+3+21. वजा झालेले 7 आणि 6. तेरा.