कॅम्पॅनिले जायगँटियम: सोबतची चिठ्ठी कशी वाचावी

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक जीवाश्मासोबत एक चिठ्ठी असते. या मोठ्या समुद्री शंखाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: कॅम्पॅनिले जायगँटियम (लामार्क, १८०४), लुटेशियन, दामरी, फ्रान्स. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. दामरी हे शंख जिथे सापडला ते गाव.

बरेच ग्राहक कंसाबद्दल विचारतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी पॅरिस परिसरातल्या जीवाश्मांचं वर्णन करताना हा शंख सेरिथियम या प्रजातीत (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) घातला होता. १८८४ मध्ये कॅम्पॅनिले ही वेगळी प्रजाती मांडली गेली आणि ही जाती तिकडे गेली. जातीची प्रजाती अशी बदलली, की मूळ वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात लिहायचं, असा प्राणिनामकरणाचा नियम आहे. लामार्क यांचं श्रेय तसंच राहतं आणि नंतर काहीतरी बदल झाला हेही कळतं.

लुटेशियन म्हणजे इओसीन काळातला सुमारे ४.८ ते ४.१ कोटी वर्षांपूर्वीचा टप्पा. तेव्हा पॅरिसच्या परिसरात उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी तयार झालेल्या चुनखडीनेच पुढे पॅरिसच्या इमारती उभ्या राहिल्या.

आता शंख हातात घ्या, दोन्ही हातांनी. पूर्ण वाढलेला नमुना अर्ध्या मीटरहूनही लांब भरतो. वेढे एकावर एक चढत निमुळते होत जातात. दोन वेढे जिथे जुळतात त्या रेषेच्या लगेच खाली जाडजूड गाठींची ओळ दिसते. शेवटच्या वेढ्यांवर ती बोटांनाही जाणवते. शंख फुटलेला असेल तर आतल्या मधल्या दांड्यावर पीळ घेत वर जाणारी घडी दिसते. आम्ही सगळ्यात आधी ती शोधतो, कारण बाहेरची नक्षी झिजते, पण घडी आत सुरक्षित राहते.

काही तुकडे म्हणजे नुसता आतला साचा असतो: शंख विरघळून गेलेला, आत भरलेला गाळ तेवढा दगड होऊन उरलेला. त्यावर गाठी नसतात. अशा तुकड्याच्या चिठ्ठीवर आम्ही ‘कॅम्पॅनिले, जाती अनिश्चित’ एवढंच लिहितो. पूर्ण नाव घालून द्या असा आग्रह कृपया धरू नका. पुराव्यापलीकडचं नाव लिहिणं आम्हाला पटत नाही, आणि शाळेच्या संग्रहात तर ते मुळीच चालणार नाही.

कॅम्पॅनिलेच्या कुळातली आज एकच जाती जिवंत आहे, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची कॅम्पॅनिले सिम्बॉलिकम. ती आकाराने बरीच लहान आहे. प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड हूब्रिक यांनी तिची शरीररचना तपासून १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले, आणि सेरिथियमच्या कुळापासून हे कुळ किती वेगळं आहे ते स्पष्ट झालं. नुसत्या शंखावरून हे इतक्या खात्रीने सांगता आलं नसतं. नामशेष जातीबद्दल जिवंत नातेवाईक असं काही सांगून जातो, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

जपणुकीबद्दल थोडंसं. शंख चुनकट आणि ठिसूळ आहे. व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल लावू नका, दमट लाकडी कपाटात ठेवू नका. तोंडातली वाळू खरवडून फेकून देऊ नका. तिच्यातले बारीक शिंपले थराचा काळ ठरवायला उपयोगी पडतात. वाळू सुटलीच तर छोट्या डबीत भरून चिठ्ठीसोबत ठेवा.