ज्युनियर आइस हॉकी लीगचा हंगाम

साधारण 16 ते 20 वर्षे वयाच्या खेळाडूंचे संघ सप्टेंबरपासून मार्चपर्यंत साखळी सामने खेळतात, मार्चअखेर बाद फेरी सुरू होते आणि मे महिन्याच्या शेवटी राष्ट्रीय चषकाने सांगता होते. या सगळ्याला मिळून ज्युनियर आइस हॉकी लीगचा हंगाम म्हणतात. ही पद्धत सर्वांत खोलवर रुजली ती कॅनडात. अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया येथेही ज्युनियर लीग आहेत. पण गावच्या मुलांचा सामना पाहायला शुक्रवारी रात्री सगळे गाव रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जमते, हे दृश्य कॅनडाचेच.

पुण्यात हॉकी म्हटले की खडकीची मैदाने, पिंपरीत नेहरूनगरला असलेले मेजर ध्यानचंद स्टेडियम आणि चार ऑलिंपिक खेळलेले खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. तो मैदानी हॉकीचा वारसा. बर्फावरची हॉकी हा वेगळा खेळ, आणि पुण्याच्या कडाक्याच्या थंडीतही इथले पाणी गोठत नाही. तरीही या हंगामाची रचना पुण्यातल्या क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी समजून घ्यावी अशी आहे. वाढत्या वयाच्या खेळाडूला वर्षात किती सामने खेळायला मिळावेत, या प्रश्नाला तिथे दिलेले उत्तर आपल्यापेक्षा फार वेगळे आहे. आपल्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. पहिला सामना हरलेल्या शाळेचे वर्ष त्या दिवशीच संपते. कॅनडातला सतरा वर्षांचा मुलगा त्याच एका वर्षात साठ-सत्तर सामने खेळतो.

खेळाची ओळख : सामना 20 मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर उतरतात. उत्तर अमेरिकेतील रिंक 200 फूट लांब व 85 फूट रुंद असते आणि तिच्या सभोवती कठडा असतो. चेंडूच्या जागी कठीण रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तिचा व्यास 3 इंच, जाडी 1 इंच, वजन 170 ग्रॅमच्या आसपास. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळते आणि बर्फाला धरून सरकते. खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण ते एक मिनिट बर्फावर राहतो. दम संपायच्या आत तो बाकाकडे येतो आणि खेळ न थांबता दुसरा कठड्यावरून आत उडी घेतो. त्यामुळे संघात आघाडीच्या चार आणि बचावाच्या तीन फळ्या आळीपाळीने उतरतात. चौथ्या फळीतल्या नवख्या मुलाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात, पण ती प्रत्येक सामन्यात येतात.

सत्रांमधल्या विश्रांतीत बर्फाची डागडुजी होते. स्केटच्या पात्यांनी खरवडलेल्या बर्फावरून झांबोनी नावाने ओळखली जाणारी गाडी फिरते. तिच्या पोटातले धारदार पाते वरचा थर तासून काढते आणि मागे लोंबणारे ओले कापड गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जाते. गार पाणी टाकले तर ते वरच्यावर वेगळे गोठते. गरम पाणी खालचा बर्फ किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होते. गाडी पुढे गेली की मागे काचेसारखी चकाकी उरते. लहान मुलांना सामन्याइतकेच याचेही आकर्षण असते.

रचना : कॅनडातील वरच्या दर्जाच्या ज्युनियर हॉकीचा कारभार कॅनेडियन हॉकी लीग ही 1975 पासूनची शिखर संस्था पाहते. तिच्या छत्राखाली ऑन्टॅरिओ हॉकी लीग, वेस्टर्न हॉकी लीग आणि क्यूबेकची लीग अशा तीन लीग आहेत. सर्व मिळून साठच्या आसपास संघ असून त्यांतले काही अमेरिकेतील शहरांचे आहेत. या दर्जाखाली प्रांतोप्रांतीच्या ज्युनियर ए लीग येतात.

चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांची निवड संघ वार्षिक निवडसत्रात करतात. वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच ठेवता येतात आणि परदेशी खेळाडूंवरही मर्यादा आहे. या तीनच्या नियमामागे शहाणपण आहे. नाहीतर जिंकण्याच्या हव्यासापोटी प्रत्येक संघ थोराड मुलांनी भरला असता आणि सोळा वर्षांचा मुलगा बाकावरच बसला असता. उलट दिशेनेही वाट ठेवलेली आहे. एखादा मुलगा वयाच्या मानाने फारच पुढे असेल, तर त्याला पंधराव्या वर्षीच खेळण्याची विशेष परवानगी मिळते. ऑन्टॅरिओत 2005 मध्ये ती पहिल्यांदा जॉन टॅव्हारेसला मिळाली. पुढे सोळा वर्षांच्या खेळाडूचा 70 गोलांचा विक्रम त्याने 72 गोल करून मोडला. मूळ विक्रम पुढे आइस हॉकीतला थोर खेळाडू ठरलेल्या वेन ग्रेट्झकीचा, 1977-78 च्या हंगामातला. ग्रेट्झकीला त्या वर्षी 9 क्रमांकाची जर्सी हवी होती. ती संघातल्या जुन्या खेळाडूकडे असल्याने त्याने पुढे 99 घेतला आणि तोच त्याची ओळख बनला.

हंगामाचा क्रम : ऑगस्टच्या अखेरीस सराव शिबिरे भरतात आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात साखळी सुरू होते. ऑन्टॅरिओ आणि वेस्टर्न लीगमध्ये प्रत्येक संघ 68 सामने खेळतो, त्यांतले 34 घरच्या रिंकवर व 34 बाहेरगावी. क्यूबेकच्या लीगने ही संख्या 2024-25 पासून 64 वर आणली. खेळाडू शाळकरी असल्याने बहुतेक सामने शुक्रवार ते रविवार ठेवतात.

विजयाला 2 गुण मिळतात. ठरलेल्या वेळेत हरलेल्या संघाला काही मिळत नाही. पण बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा पेनल्टी फटक्यांवर हार झाली तर 1 गुण पदरात पडतो. साखळीतला जादा वेळ पाच मिनिटांचा असतो आणि तो गोलरक्षक सोडून तिघा-तिघांमध्ये खेळतात. अर्धी रिंक मोकळी पडल्याने ती पाच मिनिटे विलक्षण वेगवान होतात.

नाताळाच्या सुट्टीला लागूनच, 26 डिसेंबरच्या सुमारास, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा सुरू होते. लीगमधले सर्वोत्तम खेळाडू आपापल्या देशांकडून खेळायला जातात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संघ त्यांच्याविना खेळतात. दुसऱ्या फळीतल्या मुलांना पुढे येण्याची ही मोठी संधी असते.

त्यानंतर लगेच खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, आणि या पद्धतीतला सर्वांत कठोर भाग तो हाच. चषकाच्या आशेवरचा संघ अनुभवी खेळाडू घेतो, मागे पडलेला संघ त्याच्या बदल्यात कोवळी मुले आणि पुढच्या निवडीचे हक्क पदरात पाडून घेतो. हिशेब बरोबर असेलही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ऐन शालेय वर्षात गाव, घर, वर्ग आणि सवंगडी एकदम सोडून जावे लागते. प्रौढ व्यावसायिकांच्या बाजारातली ही रीत या वयाला लावणे योग्य नाही.

मार्चअखेर बाद फेरी सुरू होते. प्रत्येक लीगमधले 16 संघ तिच्यात उतरतात, आणि इथेही एका पराभवाने कोणी घरी जात नाही. चारही फेऱ्यांत सात सामन्यांची मालिका असते; आधी चार जिंकणारा संघ पुढे जातो. बाद फेरीत पेनल्टी फटके नाहीत. बरोबरी सुटेपर्यंत 20-20 मिनिटांची जादा सत्रे चालतात आणि पहिला गोल होताच सामना संपतो, मग मध्यरात्र का उलटेना.

मेमोरियल कप : पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 मध्ये हा चषक सुरू झाला. आज त्यात चार संघ असतात, तिन्ही लीगचे विजेते आणि यजमान शहराचा संघ. यजमानाला थेट प्रवेश देण्याची प्रथा 1983 पासूनची. आपल्या लीगमध्ये मागे पडलेला यजमान संघही त्यामुळे चषक उचलू शकतो. ऑन्टॅरिओ लीगमधल्या, अमेरिकेतील सॅगिनॉच्या संघाने 2024 मध्ये यजमान म्हणून खेळून तो जिंकला. 2025 मध्ये क्यूबेकमधील रिमूस्की येथे लंडन नाइट्सने मेडिसिन हॅट टायगर्सना हरवले. हे लंडन ऑन्टॅरिओतले. साखळीतले 68, बाद फेरीतले जास्तीत जास्त 28 आणि चषकाचे 5 असे धरले तर एका मुलाच्या वाट्याला एका हंगामात 101 सामने येऊ शकतात. कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये चषक झाला नाही, आणि ऑन्टॅरिओ लीगचा 2020-21 चा हंगाम तर एकही सामना न होता गेला. ज्यांचे ते शेवटचे ज्युनियर वर्ष होते त्यांना ते परत मिळाले नाही.

घर, शाळा आणि बस : निवड झालेला मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडतो. संघाच्या गावातले एखादे कुटुंब त्याला ठेवून घेते. अशा कुटुंबाला बिलेट म्हणतात. संघ त्यांना महिन्याला थोडी रक्कम देतो, पण ती वाढत्या अंगाच्या खेळाडूच्या जेवणालाही पुरेल असे नाही. वार लावून जेवत शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा पुण्याला नव्या नाहीत. हे नाते त्याच जातीचे, फक्त इथे आठवड्याचे सातही वार एकाच घरचे. यजमान दांपत्य रात्री घरी परतण्याची वेळ लावून देते, शाळेच्या सभांना जाते आणि पुढे त्याच्या लग्नालाही. वेस्टर्न लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते. यातले बहुसंख्य खेळाडू व्यावसायिक हॉकीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून हंगामाचा सर्वांत टिकाऊ लाभ हाच मानावा.

वेस्टर्न लीगचा पसारा मॅनिटोबातील ब्रँडनपासून व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरियापर्यंत आणि खाली अमेरिकेतील पोर्टलंडपर्यंत आहे. हे अंतर मुले बसने कापतात. सामना रात्री संपतो, सामान चढते आणि बर्फाच्या रस्त्याने बस निघते. गृहपाठ, झोप, पत्ते सगळे तिच्यातच. या रस्त्यांनी बळीही घेतले. वेस्टर्न लीगमधील स्विफ्ट करंट ब्राँकोज संघाची बस 30 डिसेंबर 1986 रोजी उलटून चार खेळाडू दगावले. त्याच संघाने 1989 मध्ये मेमोरियल कप जिंकला. सस्कॅचेवानच्या ज्युनियर ए लीगमधील हम्बोल्ट ब्राँकोज संघाची बस 6 एप्रिल 2018 रोजी बाद फेरीच्या सामन्याला निघाली असताना ट्रकशी टक्कर होऊन 16 जण मरण पावले. त्या आठवड्यात कॅनडाभर लोकांनी रात्री दाराबाहेर हॉकी स्टिक टेकवून ठेवली आणि ओसरीवरचा दिवा चालू ठेवला, मुलांना गरज पडली तर असावी म्हणून. पुढे 2019 मध्ये सस्कॅचेवान आणि अल्बर्टा प्रांतांनी ट्रकचालकांना परवान्याआधी प्रशिक्षण सक्तीचे केले.

सुरक्षेचे नियमही एकेका दुर्घटनेनंतरच कडक झाले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे ऑक्टोबर 2023 मध्ये स्केटचे पाते मानेला लागून एक व्यावसायिक खेळाडू दगावला. त्यानंतर वेस्टर्न लीगने मानेचे संरक्षक सक्तीचे केले. इतर दोन लीगमध्ये ती सक्ती आधीपासून होती.

मोठा बदल अलीकडचा आहे. कॅनेडियन हॉकी लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकन विद्यापीठांच्या संघांची दारे पूर्वी बंद असत. नोव्हेंबर 2024 च्या निर्णयाने ती उघडली आणि ऑगस्ट 2025 पासून अंमल सुरू झाला. सोळाव्या वर्षीच एक वाट कायमची निवडण्याची सक्ती त्यामुळे गेली.

भारत आणि पुणे : वेस्टर्न लीगच्या कॅमलूप्स ब्लेझर्समधून पुढे आलेला पंजाबी वंशाचा रॉबिन बावा हा नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. भारतात आइस हॉकी मुख्यतः लडाख आणि हिमाचलात, गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. नैसर्गिक बर्फ दोन-तीन महिनेच टिकतो, त्यामुळे लांब साखळी बसवणे कठीण जाते. एवढ्या तुटपुंज्या हंगामावर भारताच्या महिला संघाने 2025 च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, ही मोठी गोष्ट आहे.

पुण्यातली मुले सिमेंटच्या रिंकवर चाकांचे स्केट घालून खेळतात. रोलर हॉकीत दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे स्केट आणि चेंडू असतो. इनलाइन हॉकीत एका ओळीतली चाके आणि पक, त्यामुळे ती आइस हॉकीला जवळची. तोल, पक ताब्यात ठेवणे, मान वर करून खेळणे हे बर्फावर जसेच्या तसे उपयोगी पडते. थांबणे मात्र नव्याने शिकावे लागते, कारण बर्फावर पाते आडवे करून बर्फ तासतच थांबतात.

पण लीगची पद्धत वापरायला बर्फ लागत नाही. नेहरूनगर आणि बालेवाडीच्या टर्फवर मैदानी हॉकी खेळणाऱ्या 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या शालेय संघांनाही ती लागू करता येईल. आठ शाळांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर सात सामन्यांत ती आटोपते आणि चार शाळा एकेक सामना खेळून घरी जातात. त्याच आठ शाळांचे चार-चारचे दोन गट पाडून साखळी खेळवली, वर दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना धरला, तर सामने पंधरा होतात आणि शेवटच्या क्रमांकाच्या शाळेलाही तीन मिळतात. त्यासाठी टर्फवर आठ जादा सामन्यांची वेळ काढावी लागेल, आणि पावसाळ्यातले वेळापत्रक सहामाही परीक्षेच्या आधी बसवावे लागेल.