वनस्पती रेणवीय जीवविज्ञानातील पोस्टडॉक संशोधन

पीएच.डी. मिळाल्यानंतर, पण स्वतःची प्रयोगशाळा किंवा कायम नोकरी हाती येण्यापूर्वी, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीने केलेले संशोधन. ही पदवी नव्हे आणि अभ्यासक्रमही नव्हे. शेवटी हाती राहतात ते शोधनिबंध आणि शिफारसपत्र. ‘पीएच.डी.-उत्तर संशोधन’ ही संज्ञा कागदोपत्री चालते. प्रयोगशाळेत मात्र सगळे ‘पोस्टडॉक’च म्हणतात, आणि कामाला व माणसाला हाच एक शब्द वापरतात. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते. वनस्पतींच्या बाबतीत तिला वेगळे महत्त्व आहे, कारण मुदत संस्था ठरवते, पण पिढी किती दिवसांत पुरी होणार हे झाड ठरवते.

या प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तो अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोधते. १८७६ मध्ये विद्यापीठ सुरू होताना अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी २० अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) दिल्या आणि त्या मिळालेल्यांपैकी काही जण आधीच पीएच.डी. झालेले होते, हा या मताचा आधार. पण त्या वृत्त्यांचा मुख्य रोख पदवी मिळवण्यावर होता. दुसरे मत जर्मन विद्यापीठांतील सहायक आणि ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ (प्राध्यापकपद नसलेले, पण शिकवण्याचा अधिकार असलेले अध्यापक) यांच्याकडे बोट दाखवते. मात्र ही पदे प्राध्यापकीच्या वाटेवरची होती. फक्त पीएच.डी. झालेल्यांसाठी, मुदतबंद आणि निव्वळ संशोधनासाठी, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसतात ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून १९१९ मध्ये सुरू केलेल्या योजनेत. आजच्या अर्थाने पोस्टडॉकचा आरंभ तिथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. योजना प्रथम भौतिकी व रसायनशास्त्रापुरती होती. जीवशास्त्राचा समावेश १९२३ च्या सुमारास झाला.

वनस्पतींच्या क्षेत्रातील सर्वांत ठळक उदाहरण याच योजनेतले आहे. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. झालेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक १९३१ ते १९३३ या काळात परिषदेच्या अधिछात्र होत्या. मिसूरी विद्यापीठात लुईस स्टॅडलर यांच्याकडे क्ष-किरण दिलेल्या मक्याच्या गुणसूत्रांचा त्यांनी अभ्यास केला. काही काळ कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (कॅलटेक) काढला. तेव्हा ‘रेणवीय जीवविज्ञान’ (सजीवांचा डीएनए, प्रथिने अशा रेणूंच्या पातळीवरचा अभ्यास) हे नावही रुळलेले नव्हते. ते १९३८ मध्ये वापरात आणले ते रॉकफेलर प्रतिष्ठानच्याच वॉरन वीव्हर यांनी. मक्याचे पीक वर्षाला एक, फार तर दोन. म्हणजे दोन वर्षांत मोजक्याच पिढ्या. एक पेरणी हुकली की वर्षच गेले.

ही अडचण सोडवणारी वनस्पती म्हणजे ॲरॅबिडॉप्सिस थॅलिआना, मोहरीच्या कुळातले वीतभर उंचीचे तण. बी पेरल्यापासून नवे बी हाती येईपर्यंत सहा ते आठ आठवडे पुरतात आणि स्वपरागणाने एका रोपापासून हजारो बिया मिळतात. बी इतके बारीक, की हजार बियांचे वजन २० मिलिग्रॅमच्या आसपास भरते आणि नव्या माणसाने पेरताना श्वास रोखून धरावा लागतो. ‘आदर्श वनस्पती’ म्हणून तिची निवड कोणी केली, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. फ्रीड्रिख लायबाख यांनी १९०७ मध्ये तिच्या गुणसूत्रांच्या पाच जोड्या मोजल्या आणि १९४३ मध्ये ती जनुकशास्त्रासाठी योग्य असल्याचे मांडले. हंगेरीतून अमेरिकेला गेलेले जॉर्ज रेडेई यांनी मिसूरीत तिच्यावरचे काम अनेक वर्षे जवळपास एकहाती जिवंत ठेवले. या दोघांचा मान वादातीत आहे. पण तिला रेणवीय संशोधनात आणण्याचे श्रेय, निदान अंशतः, पोस्टडॉकना द्यावे लागते. ख्रिस सॉमरव्हिल यांची पीएच.डी. जीवाणूंच्या जनुकशास्त्रातली. इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑग्रेन यांच्याकडे पोस्टडॉक असताना त्यांनी जीवाणूंवर वापरतात तसा सोपा सापळा या तणासाठी रचला. रसायनाने उत्परिवर्तने (जनुकांतले बदल) घडवलेली रोपे आधी कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत वाढवायची आणि मग साध्या हवेत आणायची. जी पिवळी पडतील, त्यांच्या प्रकाशश्वसनात, म्हणजे उजेडात ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या क्रियेत, बिघाड. पिवळे रोप ओळखून लगेच पुन्हा आधीच्या, कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत ठेवले की ते वाचते आणि बी धरते. यातील पहिला उत्परिवर्ती १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या जीवावर पीएच.डी. करून पोस्टडॉकच्या वेळी वनस्पतींकडे वळण्याची वाट यानंतर मळली. डेटलेफ वायगेल यांची पीएच.डी. फळमाशीवर होती, कॅलटेकमध्ये एलियट मायरोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी फुलोऱ्याचे रूपांतर फुलांत घडवणाऱ्या ‘लीफी’ जनुकावर काम केले (१९९२). त्याच प्रयोगशाळेत मार्टिन यानॉफ्स्की यांनी फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर घडवणारे ‘अगॅमस’ जनुक वेगळे केले (१९९०). डिसेंबर २००० मध्ये ॲरॅबिडॉप्सिसचा जीनोमक्रम (तिच्या संपूर्ण डीएनएची अक्षरमाला) जाहीर झाला. तोपर्यंत तिच्या प्रयोगशाळा अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम व जपानमध्ये स्थिरावल्या होत्या. कोलोन येथील माक्स प्लांक वनस्पती पैदास संशोधन संस्था, नॉरिच येथील जॉन इनेस सेंटर (स्थापना १९१०) आणि बेल्जियममधील गेंट येथील वनस्पती संशोधकांचा गट ही पोस्टडॉकची नेहमीची ठिकाणे होत.

काम कसे चालते हे रोपात नवे जनुक घालण्याच्या ‘फ्लोरल डिप’ या पद्धतीवरून कळते. तिचे आजचे रूप क्लफ आणि बेंट यांच्या १९९८ च्या शोधनिबंधातले. तोपर्यंत फुललेली रोपे निर्वात पात्रात ठेवून त्यांत ॲग्रोबॅक्टेरियम हा वनस्पतीच्या पेशीत जनुक नेऊन सोडणारा जीवाणू शिरवत. या दोघांनी निर्वात काढूनच टाकला. पाच टक्के साखरेच्या पाण्यात जीवाणू मिसळायचे, त्यात पृष्ठताण कमी करणारे ‘सिल्वेट एल-७७’ थेंबभर घालायचे आणि कुंडी उलटी धरून फुलोरा काही सेकंद बुडवायचा. रोप मग एक रात्र आडवे, झाकून ठेवतात. तीन-चार आठवड्यांनी मिळणाऱ्या बियांपैकी ०.५ ते ३ टक्के बियांत नवे जनुक उतरलेले असते. नव्या जनुकासोबत प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही घातलेले असते, म्हणून बिया प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर पेरल्या की बाकीची रोपे पांढरी पडतात आणि जनुक उतरलेली हिरवी राहतात. पुढच्या पिढीत हिरव्या-पांढऱ्यांचे तीनास एक हे मेंडेलचे प्रमाण तपासायचे, त्यापुढच्या पिढीत शुद्ध वाण निवडायचा. एवढ्यात सहा ते आठ महिने जातात, आणि खरा प्रयोग त्यानंतर सुरू होतो. दोन वर्षांच्या मुदतीत हे बसते. भाताची एक पिढी तीन ते पाच महिन्यांची, म्हणून तिथे ओढाताण होते. आंब्याच्या रोपाला मोहोर यायलाच काही वर्षे लागत असल्याने तिथे जनुक आंब्यातून वेगळे करून दुसऱ्याच वनस्पतीत तपासावे लागते. नाहीतर तंबाखूची बहीण निकोटियाना बेंथॅमियाना हाताशी असते. तिच्या पानात सुई नसलेल्या सिरिंजने जीवाणू दाबून भरले की तीन-चार दिवसांत उत्तर मिळते.

अर्थसाहाय्याचे दोन मार्ग आहेत. प्रयोगशाळाप्रमुखाच्या प्रकल्पातून वेतन घ्यायचे, नाहीतर स्वतःच्या नावावर अधिछात्रवृत्ती मिळवायची. दुसरा मार्ग अवघड, पण विषय निवडण्याची मोकळीक त्यातच अधिक. युरोपातील ‘एम्बो’ या रेणवीय जीवविज्ञान संघटनेची वृत्ती दोन वर्षांपर्यंत, ‘ह्यूमन फ्रंटियर’ या आंतरराष्ट्रीय विज्ञान कार्यक्रमाची तीन वर्षांची. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेत यजमान देशात आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेला उमेदवार चालत नाही. त्यामुळे जर्मनीत पीएच.डी. करून तिथेच थांबू पाहणारा या अटीत अडकतो, पुण्याहून निघणारा अडकत नाही.

भारतात ‘रिसर्च असोसिएट’ हे पद पोस्टडॉकच्या सर्वांत जवळचे. २०२३ च्या सुधारणेनुसार त्याचे मासिक मानधन तीन श्रेणींत ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएट योजना आणि दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक अधिछात्रवृत्ती हे मुख्य स्रोत. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती आहे. दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठाचे दक्षिण परिसर आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था ही या विषयाची जुनी केंद्रे. बी परदेशातून मागवायचे तर आयात परवाना आणि विलग्नवास (क्वारंटाइन) तपासणी आलीच, आणि तेवढा वेळ त्याच दोन वर्षांतून वजा होतो.

महाराष्ट्रात या कामाचा भर पुण्यावर आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी ऊतिसंवर्धनातील बांबूला काही महिन्यांतच फुले आणल्याचे १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. एरवी बांबू फुलायला कित्येक दशके लागतात. पुढे तिथेच हापूसच्या स्वादाशी संबंधित जनुकांवर काम झाले. पुण्याच्याच आयसरमधील (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) बटाट्यावरचे काम बाहेरून आलेले आहे. बटाट्यात पानातून जमिनीखालच्या खोडापर्यंत प्रवास करणाऱ्या आरएनएवरील (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील २००६ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अंजन बॅनर्जी नंतर आयसरमध्ये आले आणि त्यांनी बटाटाच पुढे चालवला.